माहीत नाही, म्हणून नाही

आयर्लंडच्या मतदारांनी १२ जून २००८ रोजी युरोपीय महासंघाचा लिस्बन करार फेटाळला, तेव्हा युरोपच्या राजधान्यांमध्ये राग तर होताच, पण त्या रागात कीवही मिसळलेली होती. विरोधकांच्या प्रचारात एक घोषणा जोरात चालली होती : माहीत नसेल, तर ‘नाही’ म्हणा. तीच पकडून या निकालाची टिंगल झाली. ज्या देशाच्या शेतीला युरोपीय महासंघाने पैसा पुरवला, रस्ते बांधायला मदत केली, तिथले लोक आपले अज्ञानच निशाणासारखे मिरवतात, असा एकूण सूर होता. विरोधात ५३.४ टक्के मते पडली होती. मतदान ५३ टक्क्यांच्या आसपास झाले होते. सात वर्षांपूर्वी नीस या आधीच्या युरोपीय कराराच्या पहिल्या सार्वमताला जेमतेम ३५ टक्के मतदार फिरकले होते, तेव्हा ‘लोक घरी बसले, म्हणून असे झाले’ असे म्हणायची सोय होती. या वेळी तीही उरली नव्हती. मग दोष मतदाराच्या अकलेवर गेला. मला मात्र वाटते की त्या घोषणेत अडाणीपणा नव्हता. आंतरराष्ट्रीय करारावर सार्वमत घेण्याचा जो काही खरा उपयोग आहे, तो याच उत्तरात आहे. सार्वमताने जनता करार लिहीत नाही, लिहूही शकत नाही. सही करून आलेल्यांना ती एवढेच सांगते की आता समोर बसा आणि काय लिहून दिले आहे ते समजावून सांगा. समजावता आले नाही, तर ती अडचण सही करणाऱ्याची.

मुळात आयर्लंडमध्ये ही वेळ का येते, हे आधी बघायला हवे. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत एक ओळ हमखास असते : राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या घटनेवरून घेतली. त्याच १९३७ च्या आयरिश घटनेतली दुसरी एक तरतूद आपण घेतली नाही. तिथे घटनेतला एक शब्द बदलायचा, तरी संसदेच्या मंजुरीनंतर जनतेचा कौल घ्यावा लागतो. तरीही १९८६ मध्ये ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ हा करार आला, तेव्हा डब्लिनच्या सरकारला वाटले की संसदेने होकार दिला म्हणजे झाले. रेमंड क्रॉटी नावाचे एक गृहस्थ त्याविरुद्ध न्यायालयात गेले. आधी शेती केलेला आणि मग अर्थशास्त्राकडे वळलेला हा माणूस. ९ एप्रिल १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा गाभा असा : परराष्ट्र धोरण चालवण्याचा अधिकार घटनेने सरकारकडे वापरण्यासाठी सोपवला आहे. तो इतर देशांच्या संमतीशी कायमचा बांधून टाकायचा असेल, तर ज्यांनी तो सोपवला त्यांना विचारावे लागेल. बारा देशांचा तो करार जानेवारीत अमलात यायचा होता, तो त्यामुळे जुलैपर्यंत लांबला. मे महिन्यात आयरिश जनतेने जवळपास ७० टक्क्यांनी होकारही दिला. पण पायंडा पडला तो पडलाच. एरवी घटनापीठाचे निकाल अभ्यासक्रमात जातात आणि तिथेच राहतात. क्रॉटींच्या खटल्याने पुढच्या अनेक युरोपीय करारांचे वेळापत्रक बदलले.

लिस्बन कराराची पूर्वपीठिका लोकांच्या अशा चौकशीला पोषक मुळीच नव्हती. २००४ मध्ये सह्या झालेली युरोपची राज्यघटना २००५ मध्ये दोन देशांनी पाडली होती : २९ मे रोजी फ्रान्सने सुमारे ५५ टक्क्यांनी आणि तीन दिवसांनी नेदरलँड्सने ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी. फ्रान्समध्ये सरकारने मतदारांच्या घरी मसुदा पाठवला होता, लोकांनी तो वाचला, त्यावर कडाक्याचे वाद घातले आणि नाकारला. यातून युरोपीय नेत्यांनी जो धडा घेतला, तो मला आजही थक्क करतो. पुढच्या करारात ‘राज्यघटना’ हा शब्द नाही, ध्वज नाही, राष्ट्रगीत नाही. आशय मात्र बहुतांश तोच. मूळ घटनेचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, त्या व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांनीच तसे लिहून ठेवले. १३ डिसेंबर २००७ रोजी लिस्बनमध्ये ज्या कागदांवर सह्या झाल्या, ते सलग वाचण्याजोगे दस्तऐवजच नव्हते. आधीच्या दोन करारांवरच्या त्या दुरुस्त्या होत्या. अमुक कलमातला दुसरा परिच्छेद वगळावा, तमुक शब्दांऐवजी हे शब्द घालावेत, या कलमाला आता हा क्रमांक द्यावा, अशी पानांमागून पाने. जुने दोन्ही करार शेजारी उघडून ठेवल्याशिवाय यातल्या एकाही वाक्याचा अर्थ लागत नाही. सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी बसवलेली सलग संहिता महासंघाच्या राजपत्रात छापून आली ती ९ मे २००८ रोजी. मतदानाला तेव्हा पाच आठवडेही उरले नव्हते.

अशा अवस्थेत पंतप्रधान ब्रायन काउएन यांनी प्रचाराच्या काळात कबूल केले की करार आपण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला नाही. महासंघाचे आयरिश आयुक्त चार्ली मॅक्रीव्ही आणखी पुढे गेले. आपण तो वाचला नाही आणि कुणी शहाणा माणूस तो वाचत बसेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. प्रामाणिकपणाबद्दल दोघांचेही कौतुक करायला हरकत नाही. पण मग मतदाराने काय करायचे? त्याच्या हातात पडणाऱ्या मतपत्रिकेवर कराराचा एक शब्दही नसतो. घटनादुरुस्ती विधेयकाचे नाव, ‘या प्रस्तावाला तुमची मंजुरी आहे का’ हा प्रश्न, आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, आणि होकार-नकाराच्या दोन चौकटी. बाकी सगळे त्याने बाहेरून समजून घेऊन यायचे. मतदानानंतर युरोपीय आयोगाने जी पाहणी केली, तीत विरोधी मत देणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांनी हेच कारण पहिले सांगितले : कराराची पुरेशी माहिती नाही, आणि जे ठाऊक नाही त्याला होकार देणार नाही. दुसरे कुठलेही कारण इतक्या लोकांनी दिले नव्हते. गावाकडे जमिनीच्या खरेदीखतावर अंगठा उठवण्याआधी चार जाणत्यांकडून ते वाचून घेणाऱ्याला आपण अडाणी म्हणत नाही. न वाचता अंगठा देणाऱ्याला म्हणतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या प्रचाराचा, आणि तो हलका नाही. करार मंजूर झाला तर आयरिश तरुणांना युरोपच्या सैन्यात सक्तीने भरती करतील, गर्भपात कायदेशीर होईल, कंपन्यांवरचा कर ब्रसेल्स ठरवेल, असे सांगितले गेले. करारात यातले काही नव्हते. याच करारावर २००९ मध्ये पुन्हा सार्वमत झाले, तेव्हा ‘कोर’ नावाच्या विरोधी गटाने रस्त्यांवरच्या खांबांवर एक फलक लावला : मोठ्या आकड्यात १.८४ युरो आणि त्याखाली, लिस्बननंतरचे किमान वेतन? तेव्हा आयर्लंडमध्ये ताशी किमान वेतन ८.६५ युरो होते. त्या फलकातली सगळी लबाडी शेवटच्या प्रश्नचिन्हात होती. विधान केलेच नाही, मग खोटे कसे ठरणार! पण होकाराची बाजू काही गंगेत न्हालेली नव्हती. २००८ मध्ये सत्ताधारी फीना फॉल, प्रमुख विरोधी फिने गेल आणि लेबर हे तिन्ही मोठे पक्ष कराराच्या बाजूने होते. तरी त्यांच्या अनेक फलकांवर कराराबद्दल एक ओळ नव्हती, होते ते स्थानिक नेत्यांचे हसरे चेहरे, कारण पुढच्या वर्षी निवडणुका होत्या. २००९ मध्ये बँका बुडायला आल्यावर ‘होकार म्हणजे नोकऱ्या’ असा प्रचार झाला, आणि नोकऱ्या मिळवून देणारे कुठलेही कलम करारात नव्हते. रायनएअर या विमान कंपनीने होकाराच्या प्रचारासाठी पाच लाख युरो जाहीर केले. विरोधी बाजूला डेक्लन गॅनली या उद्योजकाची लिबर्टास ही संघटना पैशाने भक्कम होती. पैसा आणि अतिशयोक्ती दोन्हीकडे होती. खोटे बोलण्याची मक्तेदारी नकाराकडे होती, हे म्हणणे मला पुराव्याला धरून वाटत नाही.

खोट्याचा उपाय मतदान रद्द करणे हा नसून वादाला नियम घालणे हा आहे, आणि त्या बाबतीत आयर्लंडने केलेले काम फारसे कुणी बघत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये, घटस्फोटावरच्या सार्वमताच्या तोंडावर, पॅट्रिशिया मॅकेना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सार्वमतात एका बाजूचा प्रचार करण्यासाठी सरकारी तिजोरीतला पैसा वापरता येणार नाही. ज्या मतदाराचे मत वळवायचे, त्याच्याच कराच्या पैशातून ते वळवणे न्यायालयाला अन्यायाचे वाटले. नंतरच्या एका खटल्यातून नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर दोन्ही बाजूंना न्याय्य वेळ देण्याचे बंधन आले. १९९८ मध्ये न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र सार्वमत आयोग नेमण्याचा कायदा झाला. घरोघरी माहितीपत्रक पाठवण्याचे काम त्याच्याकडे आले. हे तत्त्व आपल्यालाही परके नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, त्याआधी दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि मतदान राष्ट्रपती राजवटीखाली झाले. विलीनीकरण हवे असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच सत्तेवर, तेव्हा तो खुर्चीत असताना घेतलेला कौल दुसऱ्या बाजूने मानला नसता. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल झोंबला. पण सरकारने काटा मारला, असे म्हणायला जागा राहिली नाही.

दुसरा आक्षेप राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा लाडका आहे : लोक करारावर मत देतच नाहीत, सरकारवरचा राग काढतात. असे होते हे खरे. करारांच्या सार्वमतात भलतेच हिशेब चुकते होतात, हेही खरे. २००८ मध्ये आयरिश शेतकरी संघटनेने जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींत शेतीवर पाणी सोडले जाईल, या भीतीने लिस्बनला पाठिंबा रोखून धरला होता. शेतीला मारक तडजोड झाली तर नकाराधिकार वापरू, असे पंतप्रधानांकडून वदवून घेतल्यावर मतदान तोंडावर आले असताना तिने होकार जाहीर केला. दोन करारांचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता. (आपल्याकडच्या ऊस आंदोलनांशी परिचित असलेल्यांना या डावपेचाचे फार अप्रूप वाटणार नाही.) पण राग काढण्याचा सिद्धांत पूर्ण खरा असता, तर २००९ चा निकाल उलटा लागायला हवा होता. पहिल्या मतदानावेळी काउएन पंतप्रधानपदी येऊन महिनाच झाला होता, त्यांच्यावर चिडण्याजोगे अजून काही घडले नव्हते. दुसऱ्या मतदानापर्यंत बँकांना सरकारी हमी देऊन झाली होती, बेकारी १२ टक्क्यांकडे गेली होती, आणि जून २००९ च्या स्थानिक व युरोपीय निवडणुकांत लोकांनी फीना फॉलला झोडपून काढले होते. त्या नामुष्कीनंतर चार महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २००९ रोजी, याच मतदारांनी याच सरकारने पुढे ठेवलेला करार ६७ टक्क्यांनी मंजूर केला. सरकारला शिक्षा आणि कराराला मान्यता हे दोन्ही एकाच वर्षात, वेगवेगळ्या मतपेट्यांतून दिले. संकटाच्या काळात युरोपचा आधार सुटू नये ही भीती त्यात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भीतीनेही ते सरकारकडे आणि कराराकडे एकाच डोळ्याने बघायला लागले नव्हते.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. नको ते उत्तर आले की पुन्हा विचारायचे, आणि हवे ते आले की थांबायचे, हा कसला कौल? नीस कराराच्या वेळीही तेच झाले होते : जून २००१ मध्ये नकार, ऑक्टोबर २००२ मध्ये होकार. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्क्यांनी फेटाळला आणि मे १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी स्वीकारला. त्या रात्री कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात दंगल उसळली आणि पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्यांदा विचारणे मुळातच अप्रामाणिक आहे, असे मला वाटत नाही. दोन मतदानांच्या मध्ये काय घडले, यावर ते ठरते. डेन्मार्कला मधल्या काळात चलन, संरक्षण, नागरिकत्व आणि न्याय-गृह या चार बाबतींत सवलती मिळाल्या. त्या दिखाऊ नव्हत्या; डेन्मार्कचे चलन आजही क्रोनच आहे, आणि संरक्षणातली सवलत डॅनिश जनतेने स्वतःच १ जून २०२२ रोजी, युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यानंतर, सार्वमताने सोडून दिली. आयर्लंडच्या दोन फेऱ्यांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून बघण्यासारखे आहेत. नीसच्या वेळी २००१ मध्ये नकाराची मते ५,२९,४७८ होती आणि २००२ मध्ये ५,३४,८८७. म्हणजे विरोधकांची संख्या उलट थोडी वाढलीच. होकार ४,५३,४६१ वरून ९,०६,३१७ वर गेला, तो पहिल्या वेळी घरी बसलेल्यांना बाहेर काढून. लिस्बनच्या वेळी नकाराची मते ८,६२,४१५ वरून ५,९४,६०६ वर उतरली. मतदान सहा टक्क्यांनीच वाढले असताना इतकी घसरण होते, याचा अर्थ विरोध करणाऱ्यांतल्याच बऱ्याच जणांचे मत फिरले.

ते फिरवण्यासाठी काय दिले गेले? कराराच्या मजकुरात स्वल्पविरामही बदलला नाही. जून २००९ मध्ये महासंघाच्या सर्व राष्ट्रप्रमुखांनी आयर्लंडसाठी कायद्याने बंधनकारक अशी हमी दिली : करआकारणी, गर्भपात आणि कुटुंबविषयक घटनात्मक तरतुदी, लष्करी तटस्थता यांना करारामुळे बाधा येणार नाही. टीकाकार म्हणतात की जे करारात नव्हतेच, ते नसल्याची हमी देण्यात काय विशेष? विशेष एवढेच की ते लिहून द्यावे लागले. पण एक गोष्ट खरोखरच बदलली, आणि तिचा पुरेसा उल्लेख होत नाही. लिस्बन करारात २०१४ पासून युरोपीय आयोगातल्या आयुक्तांची संख्या सदस्य देशांच्या दोन तृतीयांशावर आणण्याचे ठरले होते, म्हणजे लहान देशांना अधूनमधून आयुक्ताविना राहावे लागले असते. आयरिश नकारानंतर डिसेंबर २००८ मध्ये ते गुंडाळले गेले. आज २७ देश आहेत आणि आयुक्तही २७ आहेत. माल्टा, एस्टोनिया, सायप्रस यांना आपापला माणूस आयोगात राखता आला, तो डब्लिन आणि डोनेगॉलच्या मतदारांमुळे. या देशांच्या संसदांनी तो करार निमूटपणे मंजूर केला होता. एक आरोप मात्र मी खोडू शकत नाही. होकार मिळाल्यावर वर्षभरात ‘परत एकदा विचारू या’ असे कुठल्या सरकारने म्हटल्याचे मला ठाऊक नाही. ब्रिटनने १९७५ मध्ये ६७ टक्क्यांनी होकार दिला, तो प्रश्न पुन्हा विचारला गेला ४१ वर्षांनी. नकाराला सोळा महिने आणि होकाराला चार दशके, हे माप सरळ नाही, आणि सार्वमताच्या समर्थकांनी ते सरळ असल्याचे भासवू नये.

चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या देशाने पन्नास कोटींना वेठीस धरावे काय, हा प्रश्न तेव्हा तावातावाने विचारला गेला. त्याला फार वेळ देण्याची गरज नाही. सर्वांच्या संमतीशिवाय करार अमलात येणार नाही, ही अट करार करणाऱ्यांनीच घातली होती. आणि लिस्बन करार शेवटी अडला तो आयर्लंडपाशी नव्हे. आयरिश होकारानंतरही महिनाभर तो प्रागमध्ये पडून होता, कारण चेक अध्यक्ष वाक्लाव्ह क्लाउस सही करत नव्हते. मूलभूत हक्कांच्या सनदेतून सवलतीचे आश्वासन पदरात पाडून घेऊन त्यांनी ३ नोव्हेंबर २००९ रोजी सही केली. एका माणसाने पन्नास कोटींना थांबवले, तेव्हा तो राजनैतिक पेच होता. साडेआठ लाख लोकांनी थांबवले, तेव्हा ते लोकशाहीचे संकट ठरले.

नकार ऐकूनच न घेतल्यास काय होते, याचा दाखला फ्रान्स आणि नेदरलँड्सने दिला. फ्रान्सने लिस्बन करार फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेतून मंजूर केला. २००५ च्या ५५ टक्क्यांना पुन्हा कुणी विचारले नाही. त्या वेळचा सल आजही फ्रेंच राजकारणात डावीकडून आणि उजवीकडून उगाळला जातो. नेदरलँड्समध्ये ६ एप्रिल २०१६ रोजी युक्रेनबरोबरच्या सहकार्य करारावर सल्लावजा सार्वमत झाले. मतदान ३२ टक्के, म्हणजे ३० टक्क्यांच्या अटीपेक्षा जेमतेम वर, आणि त्यात ६१ टक्के नकार. सरकारने एक खुलासेवजा निवेदन मिळवून करार मंजूर करून घेतला आणि २०१८ मध्ये सार्वमताचा कायदाच रद्द केला. विचारायचे, पण बांधील राहायचे नाही, हा प्रकार न विचारण्यापेक्षा वाईट. आयर्लंडमध्ये बांधिलकी घटनेतच आहे, म्हणून तिथले सरकार टाळाटाळ करते तीही वेगळ्या रीतीने. युरोपच्या एकत्रित पेटंट न्यायालयाच्या करारावर जून २०२४ मध्ये मतदान ठरले होते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये कुटुंब आणि काळजीवाहू व्यक्तींविषयीच्या दोन घटनादुरुस्त्या लोकांनी दणदणीत बहुमताने पाडल्या, तेव्हा सरकारने सार्वजनिक चर्चेला वेळ हवा असे सांगून पेटंटचे मतदान पुढे ढकलले. जून २०२३ पासून ते न्यायालय सुरू आहे आणि आयर्लंड त्याबाहेर आहे, त्याचा तोटा तिथल्या उद्योगांना होतो. ही किंमत खरी आहे. पण लोकांना न समजलेला विषय पुढे रेटण्याची हिंमत सरकारला झाली नाही, हेही त्याच बांधिलकीचे फळ.

भारतात प्रत्येक करारावर सार्वमत घ्या, असे मी म्हणणार नाही. नव्वद कोटींहून अधिक मतदारांच्या देशात ते पेलणारे नाही. पण आपल्याकडे दुसरे टोक आहे, आणि त्याची जाणीवही फारशी नाही. करार करणे हे केंद्र सरकारचे काम. त्यासाठी कायदा बदलावा लागला तरच संसदेचा संबंध येतो, तोही सही झाल्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावरून, महाराष्ट्रात रान उठले होते. शरद जोशींनी शेतकऱ्यांच्या बाजूने त्याचे समर्थन केले, डाव्यांनी आणि कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांनी कडाडून विरोध केला. वाद उत्तम दर्जाचा होता, पण तो मोजला जाईल अशी जागा कुठेच नव्हती. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला सही झाली. मग १९९५ मध्ये पेटंट कायद्यातल्या बदलाचे विधेयक संसदेत अडकले, अमेरिकेने तक्रार केली, आणि १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध निकाल लागला. खासदारांना ‘नाही’ म्हणायची संधी मिळाली, तेव्हा त्या ‘नाही’ला दंड होता. आयरिश नकारानंतर चाळीस दिवसांनी, २२ जुलै २००८ रोजी, भारत-अमेरिका अणुकरारावरून लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ असे मतदान झाले. पण सभागृहापुढचा ठराव सरकारवरच्या विश्वासाचा होता, कराराच्या कलमांवर कुणाचे मत मोजले गेले नाही.

वाटाघाटी चव्हाट्यावर होत नसतात, सगळे आधी सांगितले तर समोरचा आपले पत्ते ओळखेल, हा अधिकाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद. काउएन यांचा अनुभव याच्या उलट आहे. डिसेंबर २००८ मध्ये त्यांना आयुक्ताचे पद सोडवून घेता आले, ते ‘मला पटते, पण घरी लोकांना पटवता येणार नाही’ असे ते खरेपणाने म्हणू शकत होते म्हणून. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने असा करार संसदेपुढे २१ बैठकींचे दिवस ठेवावा लागतो आणि कनिष्ठ सभागृह त्याची मंजुरी रोखू शकते; भारताच्या बाजूने मंत्रिमंडळाची मान्यता पुरेशी होती. सहीपूर्वी मसुदा संबंधित संसदीय समितीकडे जावा आणि तिचा अहवाल सभागृहात चर्चेला यावा, एवढे केले तरी आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांच्या हातात आज नसलेला एक पत्ता येईल. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने बँकॉकमध्ये ‘आरसेप’ या बहुदेशीय व्यापार करारातून अंग काढून घेतले, तेव्हा शेतकरी, दूध उत्पादक आणि छोटे उद्योजक यांच्या हिताचाच दाखला सरकारने दिला होता. त्यांच्या विरोधाला कायद्यात कुठेही स्थान नव्हते. सरकारला तो ऐकावासा वाटला, म्हणून ऐकला गेला.